साडेपाचला थांबायचं : एका बीटल्स-मालिकेच्या प्रकल्प नोंदी

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आजपासून सुरुवात. चार भागांची मराठी श्राव्यमालिका, प्रत्येक भाग २५ मिनिटांच्या आसपास. विषय एकच : जानेवारी १९६९, बीटल्स हा ब्रिटिश बँड, आणि पुढे 'लेट इट बी' म्हणून निघालेला अल्बम. लेखन आणि निवेदन माझं, ध्वनी आणि वाद्यं धाकट्या भावाची. तो १२ वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. तालमीत कोण कधी रुसतं, हे मला पुस्तकातून कळतं, त्याला अनुभवातून.

तारीख मुद्दाम धरली आहे. १९६९ आणि २०२५ या दोन वर्षांचं कॅलेंडर वारासकट जुळतं. त्या वर्षीही २ जानेवारीला गुरुवारच होता, आणि त्याच सकाळी लंडनच्या पश्चिमेला ट्विकेनहॅम फिल्म स्टुडिओत जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार असे चौघं तालमीला जमले. म्हणून ठरवलं की त्या महिन्याच्या मागोमाग चालायचं. तिथे ज्या तारखेला जे झालं, ते आपण त्याच तारखेला बघायचं-ऐकायचं आणि रात्री लिहायचं.

त्यांचा बेत असा होता : सगळी नवी गाणी, तालीम करून लोकांसमोर थेट वाजवायची, टीव्हीसाठी त्याचं चित्रीकरण करायचं, आणि नंतर वरून काहीही चढवायचं नाही. दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग. हाताशी जेमतेम महिना, कारण फेब्रुवारीत रिंगोला एका चित्रपटाच्या चित्रीकरणाला जायचं होतं. लिंडसे-हॉगच्या माणसांनी सुमारे ६० तास चित्रीकरण केलं आणि १५० तासांहून जास्त आवाज टिपला. त्यातून पीटर जॅक्सनने २०२१ मध्ये जवळपास ८ तासांची मालिका केली. आमचा मुख्य आधार तीच.

आमची मोठी अडचण : मूळ गाण्याचा एक सेकंदही वाजवता येणार नाही. हक्क घेणं आवाक्याबाहेरचं आहे. गाणं शब्दांतून आणि धाकट्याच्या हातातून कळायला हवं.

३ जानेवारी, शुक्रवार

जागेवर तासभर बोललो. ट्विकेनहॅमचा तो मंच म्हणजे सिनेमाचे सेट लावायची अवाढव्य शेड. थंड. मागे पांढऱ्या पडद्यावर रंगीत दिवे. चौघं मधोमध छोटं वर्तुळ करून बसलेले आणि भोवती कॅमेरे. त्यांना सवय होती ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत रात्री काम करायची. इथे चित्रीकरणवाल्यांच्या वेळा पाळायच्या म्हणून सकाळी यायचं.

धाकटा म्हणाला, "ताई, वाजवणाऱ्याला सकाळी अकराला बोलावलं, तिथेच निम्मं काम बिघडलं. हात उघडायलाच दुपार होते."

हे वाक्य जसंच्या तसं पहिल्या भागात घ्यायचं.

६ जानेवारी, सोमवार

आजचा दिवस सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या वादाचा. 'टू ऑफ अस'ची तालीम. पॉल आणि जॉर्ज. आम्ही तो प्रसंग चार वेळा बघितला, आणि चौथ्यांदा मला कळलं की भांडण माणसांचं कमी आणि पद्धतीचं जास्त आहे.

पॉलचं म्हणणं : गाणं फार गुंतागुंतीचं होतंय. आधी सगळं काढून टाकू, साधं वाजवू, मग जिथे हवं तिथे भर घालू. जॉर्जचं म्हणणं : वाजवत राहू, वाजवता वाजवता सापडेल. पॉलला गाण्याचा नकाशा आधी दिसतो. जॉर्जला वाटेवर चालल्याशिवाय वाट दिसत नाही. दोन्ही पद्धतींनी जगात उत्तम गाणी झालेली आहेत. एकाच गाण्यात, एकाच सकाळी, दोन्ही पद्धती एकदम चालत नाहीत.

त्यात पॉल मागच्या उन्हाळ्यातलं 'हे ज्यूड' काढतो. त्या गाण्यात जॉर्जला प्रत्येक ओळीमागून गिटारचं उत्तर द्यायचं होतं, आणि पॉलने नको म्हटलं होतं. हे आपल्याकडे समजावणं सोपं आहे. गायक ओळ टाकतो, हार्मोनियमवाला मागून जागा भरतो. भरावी की गायकाची शांतता राखावी, यावरून आपल्याकडेही संगतकार दुखावलेले आहेत. 'हे ज्यूड'मध्ये पॉलचा कान बरोबर होता असंच मला वाटतं, त्या गाण्याची सुरुवात रिकामी आहे म्हणूनच पोचते. पण सहा महिन्यांनी ते उदाहरण सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर पुन्हा काढणं वेगळं.

शेवटी जॉर्ज शांतपणे सांगतो की तू म्हणशील ते वाजवेन, नको म्हणशील तर वाजवणार नाही, तुला जे रुचेल ते करेन. आवाज चढत नाही, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

मी लिहिलं : "पॉल सगळ्यांवर हुकूमत गाजवत होता." धाकट्याने ओळ खोडली. म्हणाला, "ताई, कोणीतरी 'चला, सुरू करू' म्हणावंच लागतं. आमच्याकडे ते म्हणणारा माणूस सगळ्यांना नकोसा असतो, आणि तो आला नाही तर कार्यक्रम उभा राहत नाही." यावर आमचं जमलं नाही. ओळ तूर्त कंसात ठेवली आहे.

७ जानेवारी, मंगळवार

जॉन यायचा आहे. पॉल बास गिटार मांडीवर घेऊन एकच स्वर घोड्याच्या टापेसारखा रेटतोय, तोंडाने अर्थहीन अक्षरं. समोर जॉर्ज जांभई देतो. काही मिनिटांत त्या रेट्यातून 'गेट बॅक' डोकं वर काढतं, आणि जांभई देणारा गिटार उचलून त्यात शिरतो. कालचा वाद अजून खोलीत आहे. त्याच खोलीत हे घडतं. भाग एकचा शेवट इथे.

८ जानेवारी, बुधवार

जॉर्ज सकाळी नवं गाणं घेऊन येतो : 'आय मी माइन'. आदल्या रात्री टीव्हीवर वॉल्ट्झ ऐकून सुचलेलं. 'मी, माझं, माझ्यासाठी' असा अहंकाराचा जप. कडव्याला तीन-तीनचा झोका आणि मध्येच चारचा जोरकस ठोका. धाकट्याने ढोलकीवर दादऱ्याच्या अंगाने तो झोका धरला आणि एकदम केरव्यात उडी मारली. आईने आतून विचारलं, "काय पडलं?" हा तुकडा लगेच ध्वनिमुद्रित केला. गोधड्या टांगून केलेल्या आमच्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागतो, जानेवारी असल्याने निभावलं.

त्या गाण्यावर जॉनने गिटार धरली नाही, आपली जोडीदार योको हिच्याबरोबर वॉल्ट्झवर नाचला. प्रसंग दिसायला गोड आहे. जॉर्जच्या जागी बसून बघितला की गोड राहत नाही.

याच दिवसांत जॉर्जचं 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ही तालमीत पुन्हा पुन्हा येतं आणि पुन्हा पुन्हा मागे पडतं.

१० जानेवारी, शुक्रवार

दुपारच्या जेवणाच्या वेळी जॉर्ज उठतो आणि बँड सोडतो. एवढंच. दार आपटणं नाही.

घरी जाऊन त्याच दिवशी त्याने 'वा-वा' हे गाणं लिहिलं. इकडे उरलेल्या तिघांनी योकोसकट कानठळ्या बसवणारा गोंगाट वाजवला, आणि जॉनने सुचवलं की तो आला नाही तर एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाला बोलावू. हे वाक्य मी थंडपणे ऐकू शकले नाही. धाकटा मात्र म्हणाला की घाबरलेला माणूस असंच बोलतो. त्याचं ऐकून मी 'निर्दय' हा शब्द काढला.

एक गोष्ट विसरायची नाही : पहिला गेलेला जॉर्ज नव्हे. ऑगस्ट १९६८ मध्ये 'व्हाइट अल्बम' चालू असताना रिंगो निघून गेला होता. परतला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवलेले होते. फुलं जॉर्जने लावली होती असं रिंगोनेच सांगितलेलं आहे. या खेपेला कोणी फुलं आणली नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार

काल, रविवारी, रिंगोच्या घरी चौघांची बैठक झाली आणि फिसकटली. आज जॉन उशिरापर्यंत येत नाही. पॉल डोळ्यांत पाणी आणून म्हणतो की आता दोघंच उरले.

जेवणाच्या वेळी उपाहारगृहात जॉन-पॉल बोलतात. चित्रीकरणवाल्यांनी फुलदाणीत मायक्रोफोन दडवलेला होता, त्यामुळे ते बोलणं उरलं. चोरून टिपलेलं खासगी बोलणं मालिकेत घ्यावं की नाही, यावर आम्ही बराच वेळ घालवला. अखेर आशय सांगायचा, आवाजांची नक्कल करायची नाही असं ठरलं. आशय असा : जॉन म्हणतो, ही जखम चिघळत गेली, आपण ती चिघळू दिली, त्याला साधी पट्टीसुद्धा दिली नाही. पॉलही आपली चूक नाकारत नाही.

योकोबद्दल एवढंच. याच दिवशी पॉल म्हणतो की ५० वर्षांनी लोक म्हणतील, योको अॅम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले, आणि ते किती हास्यास्पद वाटेल. अर्धशतक लोक नेमकं तेच म्हणत राहिले. तिला दोष देणारा परिच्छेद लिहायला मी नकार दिला, आणि यावर आमचं दोघांचं पूर्ण एकमत आहे.

बँडचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याला मात्र जागा द्यायला हवी. ऑगस्ट १९६७ मध्ये तो गेला. वाद तोडणारा, वेळ ठरवणारा, 'आता घरी जा' म्हणणारा माणूस गेला. पॉलने ती खुर्ची ओढून घेतली असं मी मानत आले. आज वाटतं, खुर्ची रिकामी होती, कोणी बसत नव्हतं, आणि बसला तो त्या चौघांपैकीच एक होता. बरोबरीचा माणूस बरोबरीच्यांना वेळेवर या म्हणून सांगू लागला.

६ तारखेची कंसातली ओळ आज काढून टाकली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. धाकट्याकडे तिळगूळ देऊन आले.

१६ जानेवारी, गुरुवार

काल दुसरी बैठक झाली आणि जॉर्ज परत यायला तयार झाला. अटी व्यवहाराच्या होत्या : परदेशातल्या अॅम्फिथिएटरमध्ये वगैरे कार्यक्रम करायचा नाही, टीव्हीचा बेत रद्द, ट्विकेनहॅम सोडायचं, आणि ३ सॅव्हिल रो इथल्या त्यांच्या ॲपल कंपनीच्या तळघरात काम करायचं. आज ट्विकेनहॅम बंद.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी फिरोजशाह मेहता रोडवर उभी राहिले. माझं ऑफिस फोर्टातच, रोजची वाट. याच रस्त्यावर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, आणि जानेवारी १९६८ मध्ये, ट्विकेनहॅमच्या बरोबर एक वर्ष आधी, जॉर्ज हॅरिसन इथे काम करत होता. एका चित्रपटाचं संगीत. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया असे वादक या मुक्कामात त्याच्यासाठी बसले. मुंबईत तेव्हा फक्त मोनो यंत्र होतं, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र आगगाडीने आणवलं. खोलीला आवाजाचा बंदोबस्त नव्हता, टॅक्सी ऐकू यायच्या. साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्यांची पावलं इतकी वाजायची की ध्वनिमुद्रण थांबवावं लागे. हे सगळं हॅरिसननेच सांगितलेलं.

त्याच मुक्कामात 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत झालं. मार्चमध्ये ते एका बीटल्स सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं ते पहिलं गाणं.

मला हेच सांगायचं आहे, आणि भाग दोनचा कणा हाच. ज्या माणसाने मुंबईत, टॅक्सीच्या आवाजात, भाषा न कळणाऱ्या वादकांना घेऊन आपलं संगीत स्वतः उभं केलं, तोच वर्षाने कोणत्या ओळीमागे गिटार वाजवायची नाही हे ऐकून घेत होता. तो वाढला होता, बँडमधली त्याची जागा तेवढीच राहिली होती. 'रबर सोल'मध्ये त्याची दोन गाणी, 'रिव्हॉल्व्हर'मध्ये तीन, 'सार्जंट पेपर'मध्ये एक.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या मीच येतो. साडेपाचची पावलं रेकॉर्ड करू."

१७ जानेवारी, शुक्रवार

केली. आता सगळी ऑफिसं साडेपाचलाच सुटतात असं नाही, पण सीएसएमटीकडे धावणारी गर्दी तीच. एका जुन्या इमारतीच्या रखवालदारकाकांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहू दिलं. २२ मिनिटांचा आवाज मिळाला. लाकडी जिन्यावर चपला आणि बूट वेगळे कळतात.

२२ जानेवारी, बुधवार

सॅव्हिल रोचं तळघर. आधी तिथला नवा स्टुडिओ कामाचाच निघाला नाही, ईएमआयकडून सामग्री मागवावी लागली. ध्वनियंत्रणेवर ग्लिन जॉन्स. काल काम सुरू झालं आणि आज बिली प्रेस्टन आला. बीटल्सची त्याची ओळख १९६२ची, हँबर्गमधली, तेव्हा तो लिटल रिचर्ड या गायकाबरोबर वाजवणारा पोरगा होता. तो भेटायला येतो, त्याला इलेक्ट्रिक पियानोवर बसवतात, आणि पहिल्या काही स्वरांत चौघांचे चेहरे बदलतात. मी कितीदा थांबवून बघितलं. जॉन हसतोय.

धाकट्याच्या मते यात गूढ काही नाही. पाहुणा वादक आला की सगळे सरळ बसतात, आणि चांगला वाजवणारा असेल तर प्रत्येकाला आपलं वाजवणं नव्याने ऐकू येतं. शिवाय खोली लहान. माणसं एकमेकांच्या जवळ, चहा हाताशी, छत डोक्याच्या वर लगेच. रविवारची बैठक नुसत्या बोलण्यावर होती आणि फसली. खोली बदलली, एक माणूस वाढला, आणि अडलेलं काम पुढे सरकलं. मला वाटतं भाग तीन यावरच उभा करावा, मानसशास्त्राच्या वाटेला न जाता.

पुढे 'गेट बॅक'ची सिंगल निघाली तेव्हा तिच्यावर 'बीटल्स, बिली प्रेस्टनसह' असं छापलं गेलं.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीच्या झेंडावंदनाचा लाउडस्पीकर साडेदहापर्यंत. ध्वनिमुद्रण नाही. तिकडे आजच्या तारखेला रिंगो पियानोवर आपलं अर्धं गाणं वाजवतो आणि जॉर्ज शेजारी उभा राहून पुढचे स्वर सुचवतो. ज्याची गाणी मागे पडली, तोच सर्वांत नवख्या गीतकाराला हात देतो. हा प्रसंग दीड मिनिटाचा, आम्ही तीन मिनिटं देणार.

२९ जानेवारी, बुधवार

दोन दिवस एकत्र लिहिते.

२८ला जॉर्ज 'समथिंग' आणतो. सुरुवातीची ओळ त्याला सहा महिने अडलेली. जॉन सल्ला देतो की शब्द सापडेपर्यंत काहीही घाल, फ्लॉवरची भाजी घाल. आपल्याकडे चालीला आधी डमी शब्द लावतात, तेच. सल्ला मनापासूनचा आहे. आणि तरीही ते गाणं या अल्बमात आलं नाही. 'ॲबे रोड'पर्यंत थांबलं.

२९ला जॉर्ज जॉनला सांगतो की माझ्या वाट्याला येणाऱ्या गाण्यांचा पुढच्या दहा अल्बमचा कोटा भरेल एवढी गाणी माझ्याकडे साठली आहेत, एकट्याचा अल्बम करावा म्हणतो. तक्रार म्हणून सांगत नाही. हलक्या आवाजात हिशेब सांगतो. जॉन चांगली कल्पना म्हणतो.

इथे माझं मत पक्कं झालं. बिलीने आणि तळघराने काम सावरलं. जॉर्जचा हिशेब कोणी केला नाही. तो तसाच बाकी राहिला, आणि माणसं आनंदात होती म्हणून तो कोणाला दिसला नाही.

३० जानेवारी, गुरुवार

गच्ची. दुपारच्या जेवणाची सुट्टी, सॅव्हिल रोच्या छतावर ४२ मिनिटं. बोचरा वारा. मायक्रोफोनवर बायकांचे स्टॉकिंग्ज ओढलेले. जॉनच्या अंगात योकोचा फरकोट, रिंगोच्या अंगात बायकोचा लाल रेनकोट. खाली रस्त्यावर गर्दी, मग पोलीस. पाच गाणी, त्यांतली काही पुन्हा पुन्हा. 'वन आफ्टर ९०९' हे तर जॉन-पॉल यांच्या पोरवयातलं गाणं, आणि ते वाजवताना दोघं एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात त्यावर मी काही लिहिणार नाही, धाकटा फक्त त्याचा ठेका वाजवेल.

पाचही गाणी जॉन-पॉल यांची. जॉर्जचं एकही नाही. तो मात्र शेवटपर्यंत जीव ओतून वाजवतो. पोलीस आल्यावर त्याचा अॅम्प्लिफायर बंद केला जातो, तेव्हा तो स्वतः परत चालू करतो.

धाकटा इथे पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, "पॉलच्या बाजूने मी जास्तच बोललो का गं?" मी म्हटलं, नाही, तू बोललास म्हणून मला दोघंही दिसले.

२ फेब्रुवारी, रविवार

भाग चारची संहिता. इथून पुढचं भरभर सांगायचं. ग्लिन जॉन्सने जुळवलेला अल्बम बँडने स्वीकारला नाही. टेप पडून राहिल्या, मधल्या काळात 'ॲबे रोड' झाला. जानेवारी १९७० मध्ये 'आय मी माइन' पक्कं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तिघंच होते, जॉन नव्हता. मग टेप अल्बम तयार करण्यासाठी फिल स्पेक्टर या संगीतनिर्मात्याकडे गेल्या. १ एप्रिल १९७०ला त्याने 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर मोठा वाद्यवृंद आणि स्त्रियांचं समूहगान चढवलं. वरून काहीही चढवायचं नाही, हा मूळ बेत. पॉलला न विचारता झालं. १४ एप्रिलला त्याने पत्र लिहिलं : तंतुवाद्यं कमी करा, हार्प काढा, पुन्हा असं करू नका. काही बदललं नाही. ८ मेला अल्बम आला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पॉल भागीदारी मोडण्यासाठी न्यायालयात गेला, आणि या गाण्याचं काय केलं हेही त्याने कारणांत मांडलं.

आपलं गाणं दुसऱ्याच्या हातात गेल्यावर काय वाटतं, हे तेव्हा पॉलने लिहून ठेवलं. नोव्हेंबर १९७० मध्ये जॉर्जचा तीन तबकड्यांचा अल्बम आला होता. नाव 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. त्यात 'वा-वा'ही आहे. ही दोन वाक्यं मी शेजारी ठेवली आहेत, मध्ये जोडवाक्य नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

चारही भागांचं अंतिम मिश्रण. मतभेद एकच. भाग दोनमध्ये मुंबईचं सगळं सांगून झाल्यावर जिन्यावरची पावलं येतात. त्यांच्यावर माझं एक वाक्य होतं, हॅरिसनला त्या पावलांचा त्रास झाला असेल की गंमत वाटली असेल, असं काहीसं. धाकटा म्हणाला, "ताई, इथे भरू नकोस."

वाक्य काढलं. पावलं आता १७ सेकंद एकटीच वाजतात, मग खाली लोखंडी दार ओढल्याचा आवाज येतो. भाग दोन : २६ मिनिटं १० सेकंद.